सहा जिभा आणि एक चेहरा

“मॅडम, सही. ट्रक दारात उभा आहे.” मॅनेजर केळकरांनी टोपण काढूनच पेन माझ्यापुढे धरले.

माझ्या हातात चमचा होता आणि चमच्यात हापूसचा पल्प, म्हणजे गाळून शिजवलेला रस. रंग निर्मळ, गंध भरदार. पण घोट उतरल्यावर जिभेच्या मुळाशी काहीतरी मागे राहत होते. दूध तळाला लागावे तसा एक पुसट, करपट धागा.

ऐंशीच्या दशकाच्या आरंभी रत्नागिरीच्या एका कॅनिंग फॅक्टरीत मी क्वालिटी कंट्रोल पाहत असे. प्रत्येक बॅच आधी टेस्ट पॅनेलपुढे येई. टेबलाभोवती आम्ही सहा जण रस चाखायचो आणि आळीपाळीने ‘पास’ किंवा ‘नापास’ म्हणायचो. शेवटी सही माझी. त्या सकाळी बाकीचे पाचही जण ‘पास’ म्हणाले होते.

“साहेब, मला थोडं करपट लागतंय.”

“पाच जणांना लागलं नाही. मग तुम्हालाच कसं लागलं?”

ही खुर्ची आपल्याला चुकून मिळाली आहे, असे मला पहिल्या दिवसापासून वाटे. बाकीचे आंब्याच्या बागांत वाढलेले. मी पदवी घेऊन आलेली. नोकरी अजून कायम व्हायची होती. बॅच उगाच अडवली तर ती जाणार, आणि करपलेला माल परदेशी पोचला तरी जाणार.

पेन मी हातात घेतलेही. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, “साहेब, ट्रक जरा थांबवा. आजचा वर्ग मी याच बॅचवर घेते.”

या शिरोडकर बाई. आयुष्य खाद्यपदार्थ चाखण्यात गेलेले. पॅनेलला शिकवायला मालकांनी त्यांना मुंबईहून बोलावले होते. केळकर कपाळाला आठ्या घालून खुर्चीत बसले.

बाईंनी आम्हाला गोलात बसवले. “आधी चमचे खाली. चाखताना भीती कसली वाटते, ते प्रत्येकानं सांगायचं.”

बाहेर बॉयलरची वाफ फुसफुसत होती. शेवटी पॅकिंगचे सुपरवायझर भाटकर खाकरले. गुहागरचा माणूस, आवाज समुद्रावर कमावलेला.

“खरं सांगू बाई? आपल्याला काय कळत नाय, असंच वाटतं. म्हणून मी मॅडमच्या तोंडाकडं बघतो. भुवई चढली की नापास.”

“आणि मी तुझ्या तोंडाकडं बघतो त्याचं काय रे मेल्या?” स्टोअरचे सावंत म्हणाले. हशा पिकला. एकेक करून उरलेल्यांनीही माना डोलावल्या.

मग सगळे माझ्याकडे वळले. माझे कान तापले होते.

“आज मी चेहरा मुद्दाम कोरा ठेवला,” मी म्हणाले. “चुकले तर दिसू नये म्हणून. मला वाटायचं, खरी पारख तुमच्याकडेच आहे.”

“म्हणजे जिभा सहा, चाखणारी एक, आणि तीच घाबरलेली!” बाई म्हणाल्या. “उठा. खुर्च्या भिंतीकडे फिरवा.”

प्रत्येकापुढे तीन पेले आले. दोन पेल्यांत आधी पास झालेल्या चांगल्या बॅचचा रस, तिसऱ्यात आजचा. वेगळा कोणता ते ओळखायचे. याला ट्रँगल टेस्ट म्हणतात. मध्ये कोमट पाण्याची चूळ. समोर फक्त चुन्याची पांढरी भिंत. तिच्यावर कुणाचाही चेहरा नव्हता. प्रथमच ती चव आणि मी, अशा दोघीच उरलो.

“मधला,” भाटकर म्हणाले. “करपट आहे. अहो, खरंच आहे!” स्वतःच्याच जिभेचे त्यांना नवल वाटले होते. सावंतांनीही आजचीच बॅच ओळखली. बाईंनी पेल्यांच्या जागा पुन्हा पुन्हा बदलल्या. एक जण गोंधळला. बाकीचे ठाम राहिले. माझे एकदाही चुकले नाही.

मी पेनाला टोपण लावून ते केळकरांना परत दिले. “ही बॅच जाणार नाही, साहेब.”

केळकरांनी रस शिजवायची कढई रिकामी करवली. ढवळणीचे एक पाते मोडले होते आणि त्याखाली भाकरीएवढा काळा थर जमला होता. तेवढ्या बॅचचे खोके उतरवून ट्रक निघाला.

“मॅडम,” केळकर म्हणाले, “यापुढे आधी तुमची सही, मग ट्रकला फोन.”

हंगाम संपायच्या आत मी कायम झाले. पॅनेलच्या खुर्च्या मात्र भिंतीकडेच तोंड करून राहिल्या. कोणी पाहुणा विचारी, “ही मंडळी रुसली आहेत का?” भाटकर ऐटीत सांगत, “नाय हो, चाखतायत.”

पुढे मी अनेक कारखान्यांत पॅनेले बसवली. कुठे सगळ्यांचे लगेच एकमत झाले, तर मी खुर्च्या कशा मांडल्या आहेत ते आधी पाहते.