उजव्या पायातली चाळ

मिरजोळ्याच्या थांब्यावर एसटीची वाट बघताना बाबांनी माझ्या पिशवीत चाळ कोंबली. चाळ म्हणजे जाखडी नाचताना उजव्या पायात बांधतात तो घुंगरांचा पट्टा. गणपतीत आमच्या वाडीचे बापये, म्हणजे पुरुषमंडळी, गाणाऱ्या बुवाला नि ढोलकीवाल्याला मधे बसवून त्यांच्याभोवती गोल नाचतात, आणि त्या फेऱ्यात बाबा सगळ्यांच्या पुढे. "पायात बळ हाय तुज्या, मेल्या. ऱ्हाव दे संगती," ते म्हणाले. मी चाळ काढून बाकड्यावर ठेवली. म्हटलं, "मला पुण्यात माकड व्हायचं नाही." वय वीस, केसांना जेल, हातात फणसपोळीचा डबा. माकड तर झालंच होतं, फक्त आरसा नव्हता.

आरसा चौतिसाव्या वर्षी मिळाला, भिंतभर. डॉक्टरांनी वजन उतरवा म्हटलं, जिमची लाज वाटली, म्हणून मी हिप हॉपच्या बिगिनर बॅचला गेलो. असली अक्कल माझ्याकडेच असते. पहिला धडा बाउन्सचा: गुडघे सैल सोडायचे, ठेक्यावर खाली दबायचं. बाकीचे खांबासारखे ताठ. मी मात्र दबलो, उजवा पाय आपोआप आपटू लागला, आणि सगळे आरशाकडे तोंड करून जागच्या जागी असताना मी गोल फिरायला निघालो. दुसऱ्या फेरीत स्पीकरची वायर उपटली आणि बँकेतल्या एका मॅडमच्या पाण्याच्या बाटलीवर जाऊन बसलो. वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो; ती जुनी सवय.

आमचा सर तेवीस वर्षांचा, उलट्या टोपीतला. एकटा तोच हसला नाही. "काका, हे कुठे शिकलात?"

"कुठे नाही. असंच."

महिन्याभरानं त्याचा व्हिडिओ फिरला. तोच दबलेला गुडघा, तीच आपटणारी टाच, खाली लिहिलेलं: माझी नवी स्टेप. माझं टाळकं फिरलं. दिवसभर चिखलात भाताची लावणी करून मोडलेल्या कमरांनी जे नाचून ठेवलं, ते हा टोपीवाला स्वतःच्या नावावर खपवतो? भर वर्गात मी त्याच्या सात पिढ्या काढल्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "काका, मी विचारलं होतं तुम्हाला."

ह्यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही. गावी राहिलेल्यांनो नि माझ्यासारखं सटकलेल्यांनो, तुम्हाला सापडलं तर कळवा.

व्हिडिओ माझ्या क्लासच्या सरचा म्हणून चुलतभावानं बाबांनाही दाखवला. त्यांचा फोन आला तेव्हा शिव्या पडणार म्हणून मी तो कानापासून लांबच धरला. ते म्हणाले, "पोर बरा नाचतोय. पन डाव्या पायावर करतोय रे. त्याला सांग, चाळ उजव्यात असते." सरनं स्टेप आरशात बघून उचललेली होती ना, उजव्याचं डावं झालं. मग म्हणाले, "तुजी हितं खुंटीला हाय. एसटी गेल्यावर बाकड्यावरनं उचलून आनली मी." चौदा वर्षं त्यांनी हे सांगितलं नव्हतं.

चार शिव्या घातल्या असत्या तर सुटलो असतो. ह्या माणसाच्या न रागावण्याचा मला अजून राग येतो.

पूर्वी कुणी गाव विचारलं की 'रत्नागिरी साइडला' असं पुटपुटून मी उरकायचो. आता वाडीचं नाव सांगतो. मोठ्यानं, भांडल्यासारखं, कुणी विचारलेलं नसलं तरी.