उतरलेला ताप

मंजू गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेळगावला शाळेत होतो. पलीकडे त्याचा मोठा भाऊ परशाअण्णा. "मास्तर, आपला मंजू ऱ्हायला न्हाई..." पुढचं मला ऐकू आलं नाही. महिना उलटला, तरी छापलेल्या फोटोखाली त्याच्या नावामागे 'कै.' वाचताना मी दरवेळी अडखळतो.

देशाचा तरुण वेगवान गोलंदाज म्हणून तो तुम्हाला माहीत आहे. अणशीजवळ रानाच्या कडेला आमची घरं शेजारी. भात कापून झालं की मोकळ्या शेतात तो बांधावरून धावत यायचा आणि टेनिसचा चेंडू असा टाकायचा, की यष्टीमागं उभं राहायला कुणी धजत नसे. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. परीक्षा जवळ आली की गोठ्यात अंथरायचा पाला रानातून आणायचं माझं काम मंजू स्वतःकडं घ्यायचा. "तू शिक गा. तुला भारा उचलंना, आनि बॅट तर त्याहून न्हाई!" असं चिडवत तो दोन्ही घरांचे भारे आणायचा. माझ्या पदवीत त्या भाऱ्यांचा वाटा आहे.

रामनगरला शिकताना त्याच्या हातात पहिल्यांदा चामड्याचा चेंडू आला. मग हुबळी, बंगळूर, राज्याचा संघ, आणि बघता बघता देशाची टोपी. पहिल्या सामन्यात त्यानं भरपूर मार खाल्ला. दुसऱ्यात शेवटचं षटक त्याच्याकडं आलं आणि यॉर्करवर यॉर्कर टाकून त्यानं सामना काढला. आता कुठं सुरुवात झाली होती...

दौरा संपवून तो सुट्टीवर घरी आला. मीही तेव्हा गावी येऊन-जाऊन होतो. आई पाल्याला निघालेली बघून हाही हाफपँटवरच मागं निघाला.

"आरं पुता, पाय झाकून घे. माकडं मराय लागल्यात, उणगू चावतील," आई म्हणाली. उणगू म्हणजे गोचीड; मेलेल्या माकडांवरून सुटलेला तो माणसाला चावला की माकडताप येतो.

"आव्वा, भल्याभल्या बॅट्समनना मी गावंना, तुज्या उणग्याला कुठला गावतोय!"

काही दिवसांनी ताप आला. दौऱ्याचा शिणवटा असेल, असं तोही म्हणाला, आम्हीही. गोळ्यांनी ताप उतरला. आम्ही उळवीच्या देवळात जाऊन नारळ फोडला. माकडताप उतरतो, माणूस हिंडूफिरू लागतो आणि मग तोच ताप डोक्यात शिरून परत येतो, हे आमच्या भागात ऐकून सगळ्यांना माहीत. पण बरा झालेला माणूस समोर हसताना कुणाला ते आठवतं? सराव शिबिराचं बोलावणं आलं होतं. मंजू शेतात पुन्हा चेंडू टाकू लागला आणि आम्ही बांधावर बसून टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्यांदा ताप आला तेव्हा तो माणसं ओळखेना. मोठ्या इस्पितळात काचेपलीकडं त्याचा उजवा हात सारखा थरथरत होता. यावर नेमकं औषध नाही, वाट बघायची, असं डॉक्टर म्हणाले. परशाअण्णा त्यांना आधी मराठीत, मग कन्नडमध्ये तेच विचारत राहिला, जणू भाषा बदलली की उत्तर बदलेल.

परवा गावी गेलो होतो. गोचीड चावू नयेत म्हणून आरोग्य खात्यानं घरोघरी तेलाच्या बाटल्या वाटल्या होत्या. वास मारतं म्हणून आमच्याकडं कुणी त्या उघडल्याच नव्हत्या. आता मंजूची आई रोज सकाळी बाटली घेऊन रानाच्या वाटेवर बसते. पाल्याला जाणाऱ्या कुणालाही तेल लावल्याशिवाय पुढं सोडत नाही. मलाही थांबवलं. खाली बसून माझ्या घोट्यांना तेल चोळलं. डावा झाला, उजवा झाला. तिनं बाटलीला बूच लावलं नाही. तळहातावर आणखी तेल घेतलं आणि पुन्हा डाव्या पायापासून सुरुवात केली...