गुंताबाईचं पारोसं जोतं

साक्रीच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी आमचा पाडा. तिथल्या गुंताबाईच्या अंगणात कोंबडीसुद्धा पाय झटकून शिरते. आयुष्य कुडाच्या झोपडीत गेलं, पण सारवण असं की थेट त्यावर भाकरी वाढून घ्यावी.

अशा बाईला सरकारी घरकुल मंजूर झालं आणि अख्खा पाडा उसळला! झोपडी मोडली. दीर ठाकऱ्याच्या गोठ्यात, बैलाशेजारी गुंताबाईनं बिऱ्हाड मांडलं. जुन्या जागी दगड-सिमेंटचं जोतं उभं राहिलं. आता फक्त एक फोटो! तो वर पास झाला की पुढचा हप्ता, मग भिंती. तोवर शेजारी बैल, आणि तो घोरायचा.

फोटोच्या दिवशी घरकुलांचे कुंदन इंजिनियर फटफटीवरून आले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"अक्का, जोतं कुठाय?"

"साहेब, तुम्ही त्यानाच वर उभा शेतस!"

कुंदनभाऊंनी पायाखाली पाहिलं. दगड नाही, सिमेंट नाही. गुळगुळीत, हिरवंगार शेण आणि मधोमध रांगोळीचं कमळ!

"अहो, हा फोटो पाठवला तर वरचे म्हणतील, जुनाच ओटा आहे! हप्ता अडकेल ना!"

"पाव्हना येस तं सारवानं नही?" गुंताबाईनं विचारलं.

"मी चहा पिईपर्यंत थांबतो. नंतर मला पुढचं गाव आहे, मग इकडं कधी येणं होईल, सांगता येत नाही."

झालं! ठाकऱ्या ओरडला, "बठ्ठं धुयी टाका रे!" हापशावर रांग लागली. हंडे, बादल्या, कळशा पळू लागल्या. कुणी नारळाची शेंडी आणली, कुणी खराटा. ठाकऱ्याची बायको भागाबाई चुलीपाशी बसून चहा मुद्दाम मंद आचेवर उकळत होती. साहेबांना एवढा आटलेला चहा जन्मात कुणी पाजला नसेल.

गुंताबाई मात्र घासणाऱ्यांच्या मागं मागं. "हळू रे, कालदिनच सारवेल शे!"

"वहिनी, तुले घर पाहिजे का शेण?"

तिनं पदर खोचला आणि स्वतःच्या हातानं ते कमळ पुसलं.

खालचा दगड उघडा पडला, तशी पोरांनी आरोळी ठोकली. जणू किल्लाच सर झाला!

"अक्का, जोत्यावर उभ्या राहा. जरा हसा."

"न सारवेल, पारोश्या जोतावर हसू? लोक काय म्हणतीन!"

पण अख्खा पाडा हसत होता. त्यात तीही सापडली, आणि फोटोतही.

काही दिवसांनी साहेबांचा फोन आला. फोटो पास, हप्ता निघाला! पाडा नाचायला लागला. ठाकऱ्या ढोल घेऊन आला, पण गुंताबाई कुठं दिसेना. शेवटी सापडली ती गोठ्यात, बैलाच्या मागं, घमेलं भरताना.

"वहिनी, आधी भिंती तं येऊ दे!"

"त्या काय पारोश्या जोतावर येतीन?"