मागून येणारा वास

मेलेला उंदीर शोधून काढणं ही काही फुशारकी मारावी अशी विद्या नव्हे, पण नाकोबा आपल्या नाकावर माशी बसू द्यायचा नाही. घरात काहीतरी कुजतंय आणि कुठे ते कळत नाही, असं झालं की लोक त्याला बोलावत. तो दारात डोळे मिटून उभा राहायचा, दोन श्वास घ्यायचा आणि सरळ चालत जाऊन जमिनीच्या एका फळीवर बोट ठेवायचा. फळी उचकटली की खाली उंदीर. उभ्या हयातीत बोट चुकलं नव्हतं. त्या नाकावरच त्याचं घर चालत होतं.

ते बोट पहिल्यांदा चुकलं एका शिक्षिकेच्या घरी. जिन्याखालची फळी काढली, खाली नुसती धूळ. दुसरी काढली, तिथेही धूळ. वास मात्र होता, अगदी हाताच्या अंतरावर. शिक्षिका खिडकी उघडून तिथेच उभी राहिली. "राहू द्या काका," ती म्हणाली, "गेला असेल." मेलेला उंदीर जाणार कुठे, असं पुटपुटत नाकोबा बाहेर पडला.

मग तो वास जिकडेतिकडे भेटू लागला. शिंप्याच्या दुकानात, शाळेच्या माळ्यावर, बेकरीच्या कोठारात. तो उंदराचा नव्हता, मांजराचाही नव्हता. कुठेतरी ओळखीचा वाटायचा, पण ओळख पटत नव्हती. आणि त्याची चाल वेगळी होती. बाकीचे वास एका जागी पडून असतात, आपण त्यांच्याकडे जायचं. हा आपल्या पायांनी येत होता. नाकोबा घटकाभर थांबला की तो मागून यायचा आणि जवळ उभा राहायचा.

घरी जेवतानासुद्धा तो येऊ लागला, तेव्हा नाकोबाने स्वतःच्या घराच्या फळ्या उचकटल्या. माळा रिकामा केला. भिंतींना नाक लावत खोल्याखोल्यांतून फिरला. बायको मागोमाग येऊन एकेक फळी पुन्हा बसवत होती.

"तुला येतोय का गं वास?"

"कसला?" असं म्हणून ती धुणं उचलून आत जायची.

तब्येतीचं म्हणाल, तर गुडघ्यासाठी तो रोज जालीम गोळ्या खायचा आणि अलीकडे त्याला अधूनमधून पातळ व्हायचं. त्यावर औषधांच्या दुकानातून जुलाब थांबवायची गोळी आणली होती. एकीने भागलं नाही की दुसरी. रांगून काम करणाऱ्याचे कपडे ओले व्हायचेच, घामाने. त्यांच्याकडे निरखून बघायची त्याला सवय नव्हती, ते खातं बायकोचं.

बोलावणी कमी होत गेली. नाक गेलं, ही भीती त्याला आतून पोखरू लागली. नाकच गेलं तर या वयात तो दुसरं काय करणार होता?

अशात एका दलालाने त्याच्या हातात किल्ली ठेवली. कित्येक वर्षं बंद असलेलं घर विकायचं होतं, गिऱ्हाईक यायच्या आधी एकदा हुंगून जा, म्हणाला. नाकोबाने मनाशी धरलं, ही शेवटची परीक्षा. भर दुपारी तो आत शिरला. चुना, जुनं लाकूड, ओलसर कागद. कुजकं काही नाही. प्रत्येक वास वेगळा कळत होता. नाक शाबूत होतं! आनंदाने तो तिथेच जमिनीवर बसला.

थोड्या वेळाने तो आला. मागून.

नाकोबा उठून पुढच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. तिथली हवा स्वच्छ होती. तो वाट बघत राहिला. बंद दारातून वास आत आला. तो धडपडत जिना चढला, वास जिना चढला.

"कोण आहे?" त्याने विचारलं. रिकाम्या घरात त्याचाच आवाज फिरून आला.

मागून कोणी येऊ नये म्हणून त्याने कोपऱ्यात जाऊन अंग भिंतीला घट्ट टेकवलं, आणि मागे काहीतरी ओलं, कोमट लागलं. त्याने हात मागे नेला. मग बोट नाकाशी आणलं. त्या दिवशी बोट चुकलं नाही.

तो गल्लीबोळांतून घरी आला. बायकोने चेहरा बघितला आणि पाणी तापत ठेवलं.

"तुला माहीत होतं?"

"धुणं कोण धुतं या घरात?" ती म्हणाली. "आधी अंघोळ करा."

डॉक्टरीणबाईंनी त्याचं पोट चाचपलं. "काका, हे जुलाब नाहीत. उलट आहे. दुखण्याच्या गोळ्यांनी शौच कडक होऊन आत अडकलंय आणि पातळ त्याच्या बाजूने झिरपतंय. तुम्हाला ते कळतही नाही."

"आणि मी ते थांबवायच्या गोळ्या खात होतो. म्हणजे उंदीर आत, आणि मी बिळाला बोळा कोंबतोय."

"अगदी तसंच. लहान मुलांनाही होतं हे. आईबाप आळशी म्हणून मारतात त्यांना."

एनिमा झाला, शौच मऊ करणारी पावडर सुरू झाली, गुडघ्याची गोळी बदलली. नाश्त्यानंतर पायाखाली छोटं स्टूल घेऊन निवांत शौचाला बसायचं, आणि खालचे स्नायू आवळायचा व्यायाम करायचा. सुरुवातीला पॅडही होते. हळूहळू मागून येणारा यायचा थांबला आणि बोलावणी पुन्हा सुरू झाली.

एका दुपारी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. नाकोबाने विचारलं, "इतके महिने बोलली का नाहीस?"

"धाकट्या लेकीच्या वेळी बाळंतपणात खाली फाटलं, तेव्हापासून माझंही असंच आहे," ती घडीवरून हात फिरवत म्हणाली. "तुमचं नाक हे असलं. मला वाटायचं, यांना कळतंय, पण माझी लाज राखायला गप्प बसतात. मग मीही तुमची राखली."

नाकोबाला कळत होतंच. पहिल्या दिवसापासून. ती खोलीत यायच्या आधी येणारा तो वास त्याने केव्हाच घराचाच वास समजून सोडून दिला होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

"उद्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ," तो म्हणाला. "दोघं."

"जाऊ की." तिने कपड्यांची चळत उचलली. "तेव्हाच म्हणाला असतात, तर धाकटीच्या लग्नात कुणाला वास येऊ नये म्हणून मी दाराशी उभी राहिले नसते."