गोठ्यातली शर्यतीची होडी

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची. लग्नानंतर ती भिंगरी चुलीपासून रांजणापर्यंत आणि रांजणापासून गोठ्यापर्यंत फिरू लागली. पुण्याला कॉलेजात असताना मी शर्यतीची होडी वल्हवायचे. एकटीने चालवायची, अरुंद, लांबलचक आणि इतकी हलकी की आम्ही दोघी मैत्रिणी ती खांद्यावर घेऊन नदीवर जायचो. मग लग्न झालं आणि मी अंबड तालुक्यातल्या गोदाकाठच्या एका गावात आले. नवरा गावच्याच शाळेत मास्तर होता, सासऱ्यांची शेती होती. माणसं चांगली होती. हे मुद्दाम सांगते, कारण कुणी छळलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं. इथे भांडायला काही सापडत नव्हतं आणि दुपारी घर झोपलं की माझ्या जिवाची नुसती घालमेल व्हायची. नदी गावाखालीच होती. तिच्यावर मी धुणं घेऊन जायचे आणि धुणं घेऊन यायचे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. माहेरी गेले होते तेव्हा कळलं की कॉलेजातल्या जुन्या लाकडी होड्या मोडीत काढतायत. मी जाऊन एक मागितली. तिथल्या माणसाने माझ्याकडे आणि मग होडीकडे पाहिलं, आणि वल्ह्यांसकट घेऊन जा म्हणाला. मोसंबी पुण्याला उतरवून गावाकडे रिकामा परतणारा ट्रक मिळाला. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती वरात गावात शिरली. आमच्याकडे लोक गूळ कढवायच्या भल्यामोठ्या काहिलीत बसून नदी ओलांडायचे, त्यामुळे ही एवढी लांब, चिंचोळी वस्तू काय आहे यावर पाराजवळ बराच वाद झाला. कुणाला ती गव्हाण वाटली. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "सागवान हाय. बराबर हाय माल." तेवढ्यावर तिला गोठ्यात जागा मिळाली.

आत्याबाई, माझ्या सासूबाई, लांबूनच बघत होत्या. बैल बाहेर बांधावे लागले तेव्हा मात्र म्हणाल्या, "जित्राबं उन्हात अन् लाकूड सावलीत. चांगलं हाय."

होडीची दशा वाईट होती. वर्षानुवर्षं कोरड्या शेडमध्ये पडून फळ्या आक्रसल्या होत्या. त्यात आमच्याकडचा वैशाख. महिनाभरात फळ्यांमधून गोठ्याचं छप्पर दिसायला लागलं. आतल्या बरगड्या, म्हणजे फळ्यांना धरून ठेवणाऱ्या वाकवलेल्या पट्ट्या, शाबूत होत्या. बाजूचे, वल्ही अडकवायचे लोखंडी हात गंजले होते. बैठक रुळावरून सरकायची, ती अडकून बसली होती. मी रोज दुपारी जुना रंग खरवडत बसायचे. शेजारणी येऊन बसायच्या, निवडणं टिपणं करत बघायच्या. एक जण म्हणाली, "मास्तरीणबाई, पाळणा करायचा सोडून ह्ये काय करून राह्यल्या?" लग्नाला चार वर्षं होऊन मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सगळ्या हसल्या. मी कानस जरा जास्तच जोरात ओढली.

ज्येष्ठात नवऱ्याशी वाजलं. तो एवढंच म्हणाला होता की पोळ्याला गोठा मोकळा लागेल, तेव्हा फार जीव लावू नकोस. मी फणकाऱ्याने बोलून गेले, "पोळ्याच्या आत ही पाण्यात गेली तर मी इथे राहीन. नाही गेली तर पुण्याला जाईन, आणि या खेपेला परत येणार नाही." बोलल्यावर कळलं की मी रागात बोलले नव्हते. हे वाक्य कितीतरी दिवस माझ्या पोटात तयार होऊन बसलं होतं. नवऱ्याचा चेहरा उतरला. आत्याबाई सूप घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी धान्य पाखडायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी नवरा जालन्याहून पॉलिश कागद आणि स्क्रू घेऊन आला. माफी नाही, समजूत नाही, पुडकं माझ्यासमोर ठेवलं आणि बाह्या सरसावून बसला. मला त्याचा राग येत होता आणि त्याच वेळी त्याला घट्ट धरून रडावंसंही वाटत होतं. यातलं काहीच न करता मी त्याला रंग कुठे खरवडायचा ते दाखवलं.

फटींचं काम मामांनी अंगावर घेतलं. पेरणीआधी आमच्याकडे गाडी, तिफण, वखर सगळं अंगणात काढतात आणि उन्हाने जे जे सैल झालंय तिथे पाचर ठोकतात. मामांचा त्या कामात हातखंडा होता. कुंभार पिंपळगावच्या बाजारातून राळ आणली, जवसाचं तेल घरात होतं, कापूस तर होताच. मामांनी फटीफटीत तेलातला कापूस भरला, त्यावर बाभळीच्या पातळ पाचरी ठोकून बसवल्या आणि वरून राळ ओतली. मी पाचरी तासून देत होते. काम इतकं घट्ट झालं की सुरीचं टोक आत जाईना. मामा होडीवर थाप मारून म्हणाले, "आता हिच्यात पाण्याचा बाप बी घुसत न्हाई." मीही खूश. पुण्यात मला होडी नेहमी तयारच मिळायची. मी बसायचे आणि वल्हवायचे. उन्हाळ्यात तिचं कोण काय करतं, हे कधी विचारलंच नव्हतं.

आषाढात विहिरींना पाणी आल्यावर मला आठवलं की होडी नदीत घालण्याआधी भिजवावी लागते. एवढी लांब होडी भिजवायची कशात? मग होडीतच पाणी भरलं. मी आणि नवऱ्याने दिवसभर घागरी वाहिल्या. बैल येऊन निवांत पाणी पिऊन गेले. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. "झाली खरी गव्हाण," त्या म्हणाल्या. त्या घरात मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी त्यांनीच हाक मारली. "अगं, तुझी होडी बोलून राह्यली." मी धावत गेले. आतून काड काड आवाज येत होता. पाणी पिऊन फळ्या फुगल्या होत्या आणि फुगायला आम्ही जागाच ठेवली नव्हती. फटी पाचरींनी गच्च. फळ्यांनी एकमेकींना रेटलं आणि त्या रेट्याने मधल्या बरगड्या एकेक करून मोडल्या. माझ्या डोळ्यांदेखत आणखी एक मोडली. गाडी पाण्यात राहत नाही, म्हणून तिला पाचर चालते. ही पाण्यात राहणार होती आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिला गाडीसारखं दुरुस्त केलं होतं.

मी घर डोक्यावर घेतलं. कुणाला काय बोलले ते आता आठवत नाही आणि आठवलं तरी लिहिणार नाही. मामा ऐकून घेऊन शेतात गेले. रात्री जेवायला बसले तेव्हा भाकरी कुस्करून तशीच ठेवली. नवरा म्हणाला, "अगं, आपण दुसरी बघू." मी म्हटलं, "दुसरी नाही. आणि दिवसही नाहीत." श्रावण लागायला आला होता. त्या आठवड्यात मी माझी ट्रंक एकदा भरली, परत रिकामी केली, परत भरली. आत्याबाईंना दिसत होतं.

एका सकाळी मामा बांधावरची वाकडी बाभूळ तोडून घेऊन आले. नांगरासाठी जशा नैसर्गिक वाकाच्या फांद्या निवडतात, तशाच निवडून आणल्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाचरी काढ. म्या बरगड्या घालतो." मी छिन्नी घेऊन बसले. महिन्याभरापूर्वी मीच तासलेल्या पाचरी मी दात-ओठ खात उपटल्या. फटीत नुसता तेलाचा कापूस ठेवला, तोही सैल. बाभळीच्या बरगड्या बसल्या, पण त्या जाड आणि जड होत्या. मी म्हटलं, "मामा, ही शर्यतीची आहे." ते म्हणाले, "कोनासंगं शर्यत लावायची हाय तुला?" त्यांनी चेष्टेत विचारलं होतं, पण ते दिवसभर माझ्या डोक्यातून गेलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. बैल नदीवर धुवायला नेतात, संध्याकाळी त्यांच्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळतात. घाटावर सगळं गाव होतं. पूर्वी जी दोघी मुलींनी उचलली असती, ती होडी आणायला सहा गडी लागले. मामांनी घरून आणलेल्या वाटीतली हळद-लोणी दोन बोटांवर घेऊन नव्या बरगड्यांना लावली. कुणी हसलं नाही. मी साडी खोचली, बसले आणि नवऱ्याने ढकललं.

ती तरंगली. डावीकडे झुकत होती, चिखलातल्या म्हशीसारखी हळू चालत होती, पायाशी पाणी झिरपत होतं. पण दोन्ही वल्ही पाण्यात बुडवून ओढली आणि ती सरकली तेव्हा माझ्या तोंडून हुंदका बाहेर पडला. ही होडी वल्हवताना माणूस पाठीच्या दिशेने जातो. कुठे जातोय ते दिसत नाही, जे सोडून जातोय ते मात्र सगळं समोर असतं. घाट, बैल, मामांचं मुंडासं, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेला नवरा, सगळे लहान होत गेले. मग नदी वळली आणि गाव दिसेनासं झालं. पुढे पाणी सरळ आणि शांत होतं. अडवायला कुणी नव्हतं. मी वल्हवत राहिले. हातांना फोड आले तरी वल्हवत राहिले आणि मला गावाची आठवणसुद्धा होत नव्हती.

परत का फिरले ते मला आजही नीट सांगता येत नाही. होडीत पाणी साचलं होतं हे खरं, पण ओंजळीने उपसता आलं असतं. मी होडी वळवली एवढं खरं.

घाटावर आले तेव्हा बैल घरी गेले होते. नवऱ्याने होडी धरली. मामांनी आधी बरगड्या तपासल्या, मग माझ्याकडे पाहिलं. गडी होडी उचलून चढावर नेऊ लागले आणि मामा आणि नवरा मागोमाग गेले. मी आणि आत्याबाई मागे राहिलो. त्या घोटाभर पाण्यात उभ्या होत्या, बहुतेक मी निघाल्यापासून. लुगड्याचा काठ भिजून जड झाला होता.

"दिसंनाशी झाल्तीस," त्या म्हणाल्या.

"हो."

"मला वाटलं गेली आता."

"मी म्हटलं होतं ना आत्याबाई, होडी पाण्यात गेली तर राहीन."

त्या नदीच्या वळणाकडे बघत होत्या. मला वाटलं, आता जवळ घेतील किंवा निदान रागावतील.

"म्या आस्ते तं माघारी आले नस्ते," त्या म्हणाल्या. मग वाकून लुगड्याचा काठ पिळला आणि उद्याच्या पुरणाची डाळ निवडायची राहिलीय म्हणत घाटाच्या पायऱ्या चढू लागल्या.