मुका डबा आणि हाळीचा धोंडा

मी घोडेगावात मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. वर्गात कुणी भुताखेतांचं काढलं की मी त्याला ओहमचा नियम दहा वेळा लिहायला लावते. या पानावरच्या भुताच्या अनुभवांखाली "वायरिंग तपासा" अशी खोचक कॉमेंट टाकणारी बाईसुद्धा मीच. आता मलाच लिहायची वेळ आलीये, तेव्हा हसून घ्या... मी काही बोलणार नाही.

एक आधीच सांगते, यात घाबरण्यासारखं काही नाही. पांढरी साडी नाही, उलटे पाय नाहीत. भर दिवसाची गोष्ट आहे आणि त्या दिवसाइतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. हे यजमानांना माहीत आहे.

हॅम रेडिओ म्हणजे सरकारी परीक्षा देऊन, परवाना घेऊन हौसेने चालवायचा रेडिओ. मोबाईलचा टॉवर पडला, लाईट गेली तरी बॅटरीवर चालतो. 'फील्ड डे' ही आमची वार्षिक स्पर्धा. घर सोडून उघड्या रानात बसायचं, बॅटरी नाहीतर सोलरवर स्टेशन उभं करायचं आणि दिवसभरात जमतील तेवढ्या लोकांशी बोलायचं. हाक मारताना "सी-क्यू, सी-क्यू" म्हणतात, म्हणजे 'आहे का कुणी ऐकणारं?'

आमची टीम जमवताना मला जो घाम फुटला, तो स्पर्धेत फुटला नाही. एक अनिल, आळ्याचा टोमॅटोवाला शेतकरी. सोलर पंप बसवायचा जोडधंदा करतो, म्हणून बॅटरी आणि पॅनल त्याच्याकडून. दुसरे माझे यजमान सुहास. त्यांनी परीक्षा दिली ती घरात शांतता राहावी म्हणून. आणि तिसऱ्या हिराताई.

हिराताई डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडच्या एका वाडीत आशाताई, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविका आहेत. शिनोली सोडून भीमाशंकरच्या रस्त्याने गेलं की एक कच्चा फाटा आत वळतो, ओढा ओलांडतो आणि चढत चढत वाडीत जातो. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच रविवारी गाड्या भरून लोक यायचे. तिन्ही बाजूंनी डोंगर, मोबाईलला रेंज नाही. मागे एका पावसाळ्यात तो रस्ता खचला आणि त्याच दिवशी हिराताईंच्या जावेला कळा सुरू झाल्या. गाडी बोलवायची तर निरोप कसा धाडायचा? चौघांनी तिला घोंगडीच्या झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. जाऊ वाचली, बाळ गेलं.

त्यानंतर हिराताई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "मॅडम, ते बिनटावरचं बोलायचं मला शिकवा." पहिल्या परीक्षेत नापास झाल्या, दुसऱ्यांदा पास. माईक हातात घेतला की मात्र त्यांची दातखीळ बसायची.

वाडीत कायमचा सेट बसवायचा म्हणून मी आमच्या आंबेगाव तालुक्याच्या एका साहेबांच्या मागे लागले होते. माणूस चांगला, पण पुराव्याशिवाय हलणारा नव्हे. त्यात आदल्या वर्षीच्या स्पर्धेत आमचा पार बोऱ्या वाजला होता. पुण्याच्या मंडळींनी ग्रुपवर 'आंबेगावचं मौनव्रत सुटलं का?' असं विचारलं होतं, आणि ते साहेबांपर्यंतही पोचलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, यंदाच्या तुमच्या स्पर्धेच्या दिवशी त्या वाडीतून इथं घोडेगावात आवाज आला, तर सेट मंजूर. नाही आला तर हा विषय परत काढायचा नाही." मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार!

भात झोडून झाल्यानंतरचे दिवस होते. सकाळी अनिलच्या पिकअपमध्ये सामान टाकून आम्ही वाडीत पोचलो. सुहासना घोडेगावात दुसऱ्या सेटवर बसवलं होतं, साहेब दुपारी तिथे येणार होते. वाडीच्या कडेला पाण्याच्या वर एक सपाट काळा खडक आहे. तिथेच टेबल मांडलं. हिरड्याच्या झाडापासून बांबूपर्यंत अँटेनाची लांब तार ताणली आणि तिची केबल टेबलापाशी आणून ठेवली.

इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण सगळं तिच्यावरच आहे. स्पर्धेची वेळ होण्याआधी हवेत बोलायला बंदी असते. मग सेट तपासायचा कसा? त्यासाठी आम्ही अँटेनाऐवजी 'मुका डबा' जोडतो. अनिलने तो रंगाच्या जुन्या डब्यात ट्रान्सफॉर्मरचं तेल भरून केलाय. सेटला वाटतं अँटेनाच जोडलाय, पण बोललेलं सगळं त्या तेलात गरम होऊन विरतं. बाहेर काही जात नाही, बाहेरचंही काही आत येत नाही. तपासणी झाली की डबा काढायचा आणि अँटेना जोडायचा. शेंबडं पोरही विसरणार नाही.

तपासणी झाली. मी डबा काढायला हात घालणार, तेवढ्यात हिराताईंचे सासरे ठमाबाबा नारळ घेऊन आले.

"बाई, ह्यो हाळीचा धोंडा हाये," ते म्हणाले. "आदी नारळ. मंग काय बोलायचं त्ये बोला."

पाण्यापलीकडे दुसरी वाडी दिसते. धरणाच्या आधीपासून लोक याच खडकावर उभे राहून पलीकडे हाळी द्यायचे — सोयरीक ठरली, बैल हरवला, कुणी गेलं. त्याचे नियमही आहेत. बाबांनी ते मला उभ्या उभ्या सांगितले.

"नाव सांगायचं, गाव सांगायचं, निरोप सांगायचा. आन पलीकडनं ओ आल्याबिगर धोंडा मोकळा सोडायचा न्हाई. येकाचा घसा बसला तर दुसऱ्यानं उभं ऱ्हायचं. पर हाळी अर्दी टाकून जायचं न्हाई."

"बाबा, म्हणजे आमचं सी-क्यूच की हे!" मी म्हणाले.

"आसंल," बाबा म्हणाले. "नारळ फोडा."

नारळ काही फुटेना. अनिलने दगडावर आपटला तो निसटून बॅटरीकडे घरंगळला. दुसऱ्या वेळी फुटला आणि पाणी थेट बॅटरीच्या दिशेने... अनिलने अंगातला शर्ट काढून बॅटरीवर टाकला आणि उघड्या अंगाने ओरडला, "मॅडम, टाईम झाला!" सगळे हसत होतो, धावत होतो. मी खुर्चीत बसले आणि सेट-अँटेनाची जुळणी दाखवणारं मीटर बघितलं. काटा जागच्या जागी, जुळणी एकदम अचूक. मी अनिलला म्हणालेसुद्धा, "बघितलंस? असा अँटेना बांधतात!"

मग मी सी-क्यू सुरू केलं. कुणीही नाही. सकाळ सरली, माझा घसा बसला. अनिलने माईक घेतला, त्यालाही कुणी ओ देईना. नेहमीची खरखरसुद्धा नव्हती, नुसती शांतता. साहेब आता सुहासजवळ येऊन बसले असतील, घड्याळाकडे बघत असतील, एवढंच माझ्या डोक्यात घोळत होतं. खरं सांगते, मला रडू यायला लागलं होतं.

"मॅडम, ऊन उतरायच्या आत आवरू राव," अनिल म्हणाला. "पुढल्या साली बगू."

पुढल्या साली नव्हतंच काही. हे हिराताईंनाही माहीत होतं. त्या मागे पदराचं टोक पिळत उभ्या होत्या.

"धोंडा मोकळा सोडायचा न्हाई," ठमाबाबा बसल्या जागेवरून म्हणाले. "हिरे, तू उभी ऱ्हा."

"बाबा, माझ्यानं न्हाई व्हायचं."

"मंग कुनाच्यानं व्हायचं?"

हिराताई पुढे आल्या. खुर्चीत बसल्या नाहीत. माईकची वायर पुरेल तिथपर्यंत खडकावर गेल्या, पाण्याकडे तोंड केलं आणि आमचा कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं स्टेशनचं नाव सांगून सरळ हाळीच्या सुरात सुरुवात केली. मी हिराबाई. अमक्या वाडीची. हाये का कुनी ऐकनारं? इतका मोकळा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

आणि सेटमधून सुहासचा आवाज आला.

खरखर नाही, चढउतार नाही. शेजारच्या ओसरीवरून बोलावं तसा स्वच्छ. मागोमाग साहेब. "हिराबाई, आवाज येतोय. काय निरोप आहे?"

मी हिराताईंसाठी सरावाचं एक वाक्य तयार ठेवलं होतं, हवामानाचं. त्यांनी ते म्हटलं नाही.

"सरावाचा निरोप," त्या म्हणाल्या. "वाडीत बाई आडलीया. रस्ता खचलाय. गाडी वड्यापतुर पाठवा, आमी झोळीतनं आनतो. मी संगं हाये."

मग साहेब म्हणाले, "निरोप मिळाला. सेट मंजूर आहे, ताई."

हिराताई रडल्या, मी रडले. अनिलने उघड्या अंगाने त्या खडकावर असा नाच केला की पलीकडच्या वाडीतून कुणीतरी हाळी देऊन विचारलं, काय झालं? त्यांना बाबांनी ओ दिली.

त्यानंतर तर रीघच लागली. जुन्नर, आळे, सातारा, कोल्हापूर, गोवा, पार केरळ... एक झाला की दुसरा. हिराताई दिवस मावळेपर्यंत खडकावरून हलल्या नाहीत. भाकरीसुद्धा उभ्यानेच खाल्ली. पुण्याच्या मंडळींशीही बोलणं झालं. मी मुद्दाम माईक मागून घेतला आणि म्हणाले, "सुटलं हो मौनव्रत!"

संध्याकाळी आवराआवर सुरू झाली. अनिल झाडाकडून केबल गुंडाळत टेबलापर्यंत आला आणि तिथेच थांबला. केबलचं टोक ताडपत्रीखाली पडलं होतं. त्यावर धूळ जाऊ नये म्हणून घातलेलं लाल टोपण तसंच होतं.

"मॅडम... हे आपुन लावलंच न्हाई."

मी सेटच्या मागे वाकून पाहिलं. मुका डबा जोडलेला होता. हात लावला तर चांगला तापलेला. दिवसभर बोललेलं सगळं त्याच्यातच गेलं होतं, जायला हवं तसं.

मी खाली बसले. सकाळी आमचं कुणी का ऐकलं नाही, ते मला कळलं. जुळणी इतकी अचूक का होती, तेही कळलं; डब्याशी ती नेहमीच अचूक असते. दुपारपासून जे झालं, ते मात्र कळेना.

ठमाबाबांना सांगितलं. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. "हाळी हाये ती," ते म्हणाले. "डबा काय आडिवनार तिला?"

आता तुमच्यातले माझ्यासारखे लोक म्हणतील, डब्यातून थोडी गळती होते. होते, मान्य. हाकेच्या अंतरावर जाईल फार तर, केरळात जात नाही. सुहासनी मोबाईलवर रेकॉर्डिंग केलंय, त्यात हिराताईंचा शब्द न् शब्द आहे. पलीकडच्या स्टेशनांच्या नोंदी आमच्याशी जुळल्या. नंतर आम्ही तोच सेट, तोच डबा, तोच खडक घेऊन पुन्हा पुन्हा करून पाहिलं. घोडेगावात काही ऐकू आलं नाही. हिराताईंनाही बोलायला लावलं. त्या म्हणाल्या, "उगं परीक्षेसाठी हाळी देत न्हाईत, मॅडम," आणि चहा ठेवायला निघून गेल्या.

निकाल लागला तेव्हा बॅटरीवरच्या छोट्या टीममध्ये आमचा पहिला नंबर होता. त्याआधीच मी आयोजकांना खरं काय ते कळवलं होतं. अनिलचं म्हणणं, "अँटेना लावलाच पायजे असं नियमात कुटं हाये?" खरंच नाहीये. आयोजकांनीही शोधून पाहिलं. बक्षिसाची ढाल सध्या ठमाबाबांच्या पडवीत आहे.

सेट बसला. यावेळी अँटेना मी स्वतः जोडला, आणि अनिलने सेटवर लाल रंगात 'डबा काढला का?' असं लिहून ठेवलं.

गेल्या पावसाळ्यात रस्ता पुन्हा खचला. सकाळी मी घोडेगावात सेटवर बसले होते, भरपूर खरखर होती आणि तिच्यातून हिराताईंचा आवाज आला. निरोप तोच. जाऊही तीच. फक्त 'सरावाचा' हा शब्द नव्हता.

माझ्या तोंडून आधी काय निघावं? "हिराताई, अँटेना जोडलाय ना?"

"मॅडम, आदी गाडी पाठवा!" त्या ओरडल्या. "वायरीचं मागनं बगू!"

गाडी ओढ्यापर्यंत गेली. मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत, आणि मुलीचा आवाज म्हणे पाण्यापलीकडे ऐकू जातो.

या दुसऱ्या निरोपाचं स्पष्टीकरण मी तुम्हाला फळ्यावर काढून दाखवीन. पहिल्याचं माझ्याकडे नाही. ओहमचा नियम मी स्वतः दहा वेळा लिहून पाहिला, त्यात सापडलं नाही. मुका डबा मी परत मागितला होता, पण तो आता हाळीच्या धोंड्यापाशी हळदकुंकू लावून ठेवलाय आणि तिथून कुणी हलवू देत नाही. अनिलने मला दुसरा करून दिला. यंदाच्या फील्ड डेच्या सामानात तो आहेच. नारळ मात्र मीच आणते... आणि तो फुटेपर्यंत केबलला हात लावत नाही.