वाऱ्यातलं नको नको

ऐंशीच्या दशकात आम्ही नेब्रास्कात राहत होतो. तिथे उन्हाळ्यात आठवडाभराची एक सायकल-सहल निघायची. सामान ट्रकमध्ये, आपण सायकलवर, आणि मुक्काम रोज नव्या गावच्या शाळेच्या मैदानात. एका वर्षी मी नाव घातलं तेव्हा नवरा नुसता हसला. आठ वर्षांची लेक मात्र गंभीरपणे म्हणाली, "आई, यू विल कम बॅक इन द ट्रक." दमलेल्यांना उचलून आणणारा एक ट्रक दिवसभर रस्त्यावर फिरायचा, हे तिला कळलं होतं. तिसऱ्या दिवशीचा मुक्काम आमच्या घराजवळ होता आणि ती बाबांबरोबर तिथे येणार होती. काहीही झालं तरी तिच्यासमोर ट्रकमधून उतरायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

त्या दिवशी सकाळपासून वारा तोंडावर होता. अशा वाऱ्यात लोक एकामागे एक सायकली चालवतात. पुढच्याने वारा झेलायचा, तो दमला की मागच्याने पुढे व्हायचं. माझ्या आईच्या वयाच्या एक निवृत्त शिक्षिका अशी रांग घेऊन चालल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आमच्या मागे येतेस?"

"नको नको, आय अ‍ॅम फाइन," मी म्हटलं.

आता, आपल्याकडे पहिलं नको हे नको नसतंच. समोरच्याने आणखी दोनदा आग्रह करायचा, मग आपण संकोचत हो म्हणायचं. बाई "ओके" म्हणाल्या आणि रांगेसकट पुढे निघून गेल्या. मी बघतच राहिले!

दुपारी एका चर्चच्या अंगणात गावच्या बायका सँडविच देत होत्या. तिथेही सवयीने नको निघून गेलं आणि ताट पुढच्याकडे सरकलं. मी चिडले. काय हा देश, आग्रह म्हणून ठाऊक नाही! धुसफुसत, उपाशीपोटी निघाले.

तासाभरात पायांतलं बळ संपलं. नेमका तेव्हाच ट्रक शेजारी आला. "लिफ्ट हवी?" मी नको म्हटलं, या वेळी अगदी मनापासून. ड्रायव्हरने हात हलवला आणि गेला. आपल्याकडचा कोणी असता तर "अहो बसा हो, कशाला जीव काढताय" म्हणत त्याने मला सायकलसकट वर चढवलं असतं, आणि मी चढलेही असते. या माणसाने माझा शब्द खरा मानला होता. मला एकदम भरून आलं.

पुढे झाडाखाली त्या शिक्षिका पंक्चर काढून निघायच्या बेतात होत्या. रांग पुढे गेली होती. "आता येतेस मागे?" त्यांनी सकाळच्याच सुरात विचारलं.

"हो," मी म्हटलं.

त्यांनी आधी एक केळं हातात ठेवलं. मग त्यांच्या मागोमाग निघाले तेव्हा वारा दार लावल्यासारखा थांबला. गाव जवळ आल्यावर त्या बाजूला झाल्या आणि त्यांनी मला पुढे व्हायची खूण केली. उरलेला वारा मी झेलला, जमेल तसा.

मैदानात नवऱ्याने थालीपिठांचा डबा उघडला. मी बाईंना "घेणार का?" म्हणते तोवर त्यांनी "शुअर" म्हणून एक उचललंसुद्धा.

"आई, हू इज शी?" लेक कानात कुजबुजली.

"यांनीच मला इथवर आणलं."

"बट यू डिडन्ट कम इन द ट्रक!"

"नाही गं," मी म्हटलं. "यांच्या मागे मागे आले."